चिलखती गाडीचं मागचं दार

फोरमन हे काही त्यांचं नाव नव्हे. बसडेपोत फोरमन म्हणून सगळी नोकरी झाली, आणि निवृत्त झाल्यावरही लोक त्याच नावाने हाक मारत राहिले. लष्कराने मोडीत काढलेली एक चिलखती गाडी त्यांनी भंगारवाल्याकडून आणली, घरामागच्या शेडमध्ये उभी केली आणि मग कित्येक वर्षं तिच्यातच डोकं घातलं. जाड पत्र्याची सहा चाकांची पेटीच ती. पुढे चालकाची जागा, मागे सैनिकांसाठी समोरासमोर दोन बाकं आणि चढायला-उतरायला एक जड दार. "लग्न माझ्याशी केलंत की हिच्याशी, एकदाचं सांगून टाका," असं बायको म्हणायची. पण बाकांवरची आसनं तिनेच शिवून दिली होती.

जुन्या लष्करी गाड्या बाळगणाऱ्या हौशी मंडळींची एक संघटना होती. मोकळ्या मैदानावर त्यांची प्रदर्शनं भरत. फोरमन आपल्या गाडीवर कुणालाही चढू देत. "लोखंड आहे, झिजून झिजून किती झिजणार?" असं म्हणायचे. मग एका प्रदर्शनात, फोटोसाठी टपावर उभा राहिलेला एक गृहस्थ पाय घसरून खाली आला. खुब्याचं हाड मोडलं. फोरमन दवाखान्यात भेटायला गेले, तर तो म्हणाला, "तुमची काय चूक? मीच शहाणपणा केला." त्याने चार शब्द सुनावले असते तर फोरमनना हलकं वाटलं असतं.

त्यानंतर संघटनेने नियम केला, की प्रत्येक गाडीभोवती दोरी बांधायची आणि दोरीच्या आत कुणालाही सोडायचं नाही. खुंट्या ठोकायला फोरमनच सगळ्यांच्या पुढे होते.

पुढच्या प्रदर्शनात एक बाई नवऱ्याबरोबर आल्या. पन्नाशीच्या असतील. बाकी सगळे गाडीच्या पुढ्यात फोटो काढत होते, या मात्र मागच्या दाराशी थांबल्या.

"आत बसता येईल का हो?"

"नाही ताई. नियम आहे."

"मला वर नाही चढायचं. नुसतं आत."

"आत काय आणि वर काय, दोरीपलीकडे कुणालाच नाही."

बाईंनी मान हलवली, पण जागच्या हलल्या नाहीत. फोरमन एक फेरी मारून आले तरी त्या तिथेच. बरोबर आलेल्या फोरमनच्या बायकोने थर्मासमधला चहा बाईंच्या हातात दिला आणि विचारलं, "कुणी होतं का तुमचं सैन्यात?"

"नाही. मीच बसले होते अशा गाडीत. लहान होते." बाई चहाच्या पेल्याकडे बघत बोलत होत्या. "आमच्या गावावर तोफा चालू होत्या. सैनिक आले आणि बायकामुलांना असल्या गाड्यांत घालून बाहेर काढलं. आई, मी आणि भाऊ. भाऊ अंगावर पिणारा होता, तापाने फणफणलेला. गाडीत चढलो तेव्हा रडत होता. उतरलो तेव्हा गेलेला होता, आईच्या मांडीवरच."

बायकोने थर्मास खाली ठेवला.

"आई जन्मभर एकच म्हणत राहिली, तो रडायचा थांबला ते मला कळलं कसं नाही? दुसरं काही बोलता बोलतासुद्धा मध्येच हे म्हणायची."

बायको फोरमनकडे वळली. "अहो."

एवढंच म्हणाली ती. फोरमननी मैदानाच्या टोकाला सेक्रेटरींच्या तंबूकडे एकदा पाहिलं आणि दोरी वर उचलून धरली.

बाई वाकून आत गेल्या आणि चालकाच्या पाठीमागच्या कोपऱ्यात बसल्या. समोरच्या बाकावर फोरमनची बायको बसली. जागा इतकी अरुंद, की दोघींचे गुडघे एकमेकींना टेकले.

"दार लावाल?"

फोरमननी आधी त्यांना आतली कडी दाखवली आणि त्यांच्याच हाताने एकदा ती उघडायला लावली. मग बाईंच्या नवऱ्याने बाहेरून दार लोटलं. आत काळोख झाला. पुढच्या फटीतून उजेडाची एक तिरीप तेवढी येत होती.

"आणि इंजिन?"

फोरमन आतूनच पुढे सरकून चालकाच्या जागेवर बसले. एवढं झालंच आहे तर हेही, असं मनाशी म्हणून त्यांनी गाडी चालू केली.

पत्रा थरथरायला लागला. आवाज कानात मावेना, दातांत, छातीत शिरू लागला. थोड्या वेळाने फोरमननी मागे वळून पाहिलं. तिरिपेच्या उजेडात दिसलं, बाईंचं तोंड उघडं होतं, मानेच्या शिरा ताणल्या होत्या. त्या जिवाच्या आकांताने ओरडत होत्या आणि फोरमनना काहीही ऐकू येत नव्हतं. त्यांनी घाईने इंजिन बंद केलं. त्या शांततेत बाईंच्या किंकाळीचं शेपूट तेवढं उरलं आणि तेही विरलं.

"तुम्हाला ऐकू आलं?" बाईंनी धापा टाकत विचारलं.

"नाही."

"तुम्हाला?"

"नाही हो," बायको म्हणाली. "गुडघ्याला गुडघा लागलाय आपला, तरी नाही."

"मी सगळा जीव एकवटून ओरडत होते. आणि तो तर एवढासा होता. थकलेला." बाई थांबल्या. "मग आईला कुठून ऐकू येणार होतं?"



"मागच्या हिवाळ्यात आई गेली," त्या म्हणाल्या. "हे तिला सांगायचं राहिलं."

फोरमनच्या बायकोने त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. मग बाईंनी स्वतःच कडी काढली.

बाहेर इंजिनाच्या आवाजाने माणसं जमली होती आणि त्यांच्या पुढे सेक्रेटरी उभे होते. गर्दी पांगल्यावर ते म्हणाले, "फोरमन, तुम्ही? उद्या पुन्हा कुणी पडलं तर?"

फोरमनना दवाखान्यातली ती खाट आठवली. "बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. त्या बाईंचं सांगून सूट मागावी असं त्यांच्या मनातही आलं नाही. ती गोष्ट बाईंची होती, त्यांची नव्हे.

पुढच्या प्रदर्शनाला त्यांना बोलावणं आलं नाही. गाडी शेडमध्येच राहिली. बायको टोमणे मारेनाशी झाली, त्याचंच फोरमनना जास्त वाईट वाटलं.

संघटनेची बैठक भरली तेव्हा ते उठून उभे राहिले. "टपावर कुणी नको, ते माझंही मत आहे. पण मागचं दार उघडं राहू द्या. एका वेळी एक माणूस, आणि दाराशी मी." बरीच वादावादी झाली. एकजण तर म्हणाला, लोक मजा म्हणून येतात, त्यांना कशाला कोंडवाड्यात बसवता? शेवटी सेक्रेटरींनीच "करून तर बघू" म्हटलं.

आता बहुतेक लोक आत डोकावतात, "बाप रे, केवढीशी जागा," म्हणतात आणि निघून जातात. काही आत जाऊन बसतात. एक आजोबा बसले आणि एक शब्द न बोलता उतरून निघून गेले. फोरमन कुणालाच काही विचारत नाहीत, फक्त उतरताना हात देतात.

त्या बाई नंतर एकदा येऊन गेल्या. फोरमननी दाराकडे बोट करून नजरेनेच विचारलं.

"नको," त्या म्हणाल्या. "आज तुमच्याकडेच आलेय."

बायकोने जवळची घडीची खुर्ची उघडून दिली. दोघी गाडीच्या सावलीत बसून राहिल्या, आणि बाई आपल्या आईबद्दल सांगत होत्या. तिला किती पटकन हसू यायचं, हसताना ती पदर कसा तोंडाला लावायची, ते सगळं.