चिकाचा अंगठा

आमच्या गावात रुपचंद आबा कोण म्हणून विचाराल तर लोक डोकं खाजवतील. 'एका मताचे आबा' म्हणा, शेंबडं पोरही तुम्हाला दारापर्यंत आणून सोडेल. चाळीस वर्षांपूर्वी नगरपालिकेच्या निवडणुकीत वॉर्ड क्रमांक सातमधून मी एका मतानं पडलो. तेव्हापासून दर निवडणुकीला कोणी ना कोणी ओट्यावर येऊन बसतं आणि म्हणतं, "आबा, होऊ द्या." मग मी सांगतो. खोटं कशाला बोलू, मला सांगायला आवडतं.

म्हणजे आवडायचं, या डिसेंबरपर्यंत.

गाव आमचं तापीच्या काठचं, चोपड्याकडचं. चहूबाजूंनी केळी. निंबा आणि मी एकाच गल्लीत वाढलो. शाळेत एका बाकावर, पोहायला एका डोहात. मोठे झाल्यावर जळगावला जाऊन पिक्चर पाहायचा, स्टँडवर एक प्लेट भजी दोघांत खायची आणि शेवटच्या एसटीनं परत यायचं. शेवटचं भजं कोणी खायचं यावरून भांडायचो, तेवढंच काय ते भांडण. आता दात नाहीत, भजी पचत नाहीत, पण त्या एसटीच्या मागच्या सीटवरचे धक्के मला अजून हवेहवेसे वाटतात.

त्या वर्षी आमच्या पॅनलनं मला उभं केलं. निंबाच्या काकांनी, लोटन आप्पांनी, समोर निंबाला उभं केलं. आप्पा तालेवार माणूस, त्यांच्यापुढे निंबाची मान कधी वर झाली नव्हती. फॉर्म भरल्यावर आम्ही दोघं माझ्या मळ्यात विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीपाशी बसलो. दोघांनाही अवघडल्यासारखं झालं होतं. शेवटी निंबाच म्हणाला, "रुप्या, आसं करू. मत देवाना येळे तू माले, मी तुले. आपला दोनना फिटंफाट. बाकी लोक ठरावतीन ते खरं."

मी त्याच्या हातावर टाळी दिली. पुढचे पंधरा दिवस आम्ही एकमेकांच्या वाटेला गेलो नाही. गल्लीत समोरासमोर आलो तर मागे कार्यकर्ते असायचे.

मतदान शाळेच्या खोलीत होतं. तेव्हा कागदी मतपत्रिका. पडद्याआड जायचं, एका हातानं कागद दाबून धरायचा आणि दुसऱ्या हातानं शिक्का मारायचा. निंबाची कपबशी, माझी छत्री. शिक्का मी कपबशीपर्यंत नेला होता, देवाशपथ नेला होता. मग वाटलं, निंबा भोळा असला तरी लोटन आप्पा भोळे नाहीत. ते त्याला असलं काही करू देणारच नाहीत. मग मीच कशाला खुळ्यासारखा वागू? मी छत्रीवर शिक्का मारला आणि बाहेर आलो.

गोष्टीतला एवढा भाग मी आजवर कोणालाही सांगितलेला नाही.

दुसऱ्या दिवशी मोजणी झाली. निंबा चारशे बारा, मी चारशे अकरा आणि एक मत बाद. त्या मतपत्रिकेवर शिक्का स्वच्छ छत्रीवर होता, पण कडेला अंगठ्याचा तपकिरी ठसा. केळीचा चीक! हा चीक ओला असताना पाण्यासारखा दिसतो. हाताला लागलाय हे कळतही नाही. वाळला की तपकिरी होतो आणि मग धोतर फाटेल, पण डाग जाणार नाही. घड कापून कोणीतरी तसंच मत द्यायला आलं होतं, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही कळलं असतं. लोटन आप्पा मात्र टेबलावर हात आपटून म्हणाले, ही मतदाराची ओळख झाली, मत बाद करा. साहेबांनी बाद केलं. ते मत धरलं असतं तर दोघांची बरोबरी झाली असती आणि चिठ्ठी टाकावी लागली असती. निंबा तिथंच मान खाली घालून उभा होता. मी त्याच्याकडे पाहत राहिलो, त्यानं वर पाहिलं नाही. बघा, मी मनात म्हटलं, यानं शब्द तर पाळला नाहीच, वर माझं मतही खाल्लं.

मी कोर्टात गेलो. जळगावला तारखांना हेलपाटे घातले. तिथं तो कागद मला जवळून पाहायला मिळाला. ठसा डाव्या अंगठ्याचा होता आणि त्यावर आडवी तिरकी रेघ होती, कापल्याच्या व्रणासारखी. कोर्टानंही मत बादच ठरवलं. पण ती रेघ माझ्या डोक्यात बसली. वर्षभर मी वॉर्डातल्या मजुरांचे अंगठे पाहत हिंडलो. कोणाला तंबाखू द्यायच्या निमित्तानं, कोणाला हात बघतो म्हणून. लोकांना वाटलं, पडल्यापासून हा ज्योतिष शिकतोय. रेघ काही सापडली नाही.

निंबानं नगरसेवक झाल्यावर पहिला सार्वजनिक नळ आमच्या दाराशी बसवला. मी घरात जाहीर केलं, त्या नळाचं थेंबभर पाणी या घरात येता कामा नये. तीन महिने मी ताठ मानेनं विहिरीचं पाणी प्यायलो. मग कळलं की वच्छला, म्हणजे आमची मंडळी, पहिल्या दिवसापासून नळावरच हंडे भरत होती. "तुमाले चवमा फरक समजना का?" तिनं विचारलं. नव्हता समजला.

कामिनीचं, माझ्या मुलीचं, लग्न दोंडाईच्याला झालं. निंबाला पत्रिका पाठवली नाही. पंगती उठेपर्यंत माझं लक्ष मांडवाच्या दाराकडे होतं. न बोलावता येईल असं मला का वाटत होतं, कोणास ठाऊक. लहानपणी ती त्याच्या खांद्यावर बसून जत्रेला जायची. सासरी निघताना तिनं विचारलं, "निंबाकाका उना नही?" मी सांगितलं, तो गावाला गेलाय. त्या दिवशी मला स्वतःचा राग आला होता, पण तोही मी निंबाच्याच नावावर टाकला.

अशी चाळीस वर्षं गेली. गल्ली तीच, दोघांच्या घरांत चार घरांचं अंतर. गोष्ट सांगताना मी निंबाला हळूहळू जास्तच बदमाश करत गेलो. लोटन आप्पा वारले तसा त्यांचाही वाटा त्याच्या अंगावर घातला.

या डिसेंबरात पुन्हा निवडणूक लागली. गंमत अशी की आमच्या प्रभागात सर्वसाधारण जागेवर एका बाजूला माझा पुतण्या कुंदन, दुसऱ्या बाजूला निंबाची सून ज्योत्स्ना. ओट्यावर गर्दी झाली, मी गोष्ट चार वेळा सांगितली. मतदानाच्या दिवशी धुतलेला सदरा घालून शाळेत गेलो. रांगेत पाहतो तर माझ्या पुढेच निंबा. दोन वर्षांपूर्वी त्याला अर्धांगवायू झाला होता, उजवा हात लुळा पडलेला. आता डाव्या हातात काठी. मी घसा खाकरला. त्यानं मागे पाहिलं नाही.

आत टेबलापाशी बाईंनी नोंदवही पुढे केली. निंबाला सही करता येईना. "नाना, अंगठा द्या," बाई म्हणाल्या. त्यानं काठी टेबलाला टेकवली, डावा अंगठा शाईवर दाबला आणि वहीत उठवला. मग तो मशीनकडे गेला.

"आबा, तुम्ही इथं सही करा," बाईंनी खालची ओळ दाखवली.

मी वाकलो. वरच्या ओळीत निंबाचा अंगठा, अजून ओला. त्यावर आडवी तिरकी रेघ.

मी पेन धरून तसाच वाकलेला राहिलो. जो अंगठा मी वर्षभर गावभर शोधला, तो माझ्यापासून चार घरांवर होता. गावातल्या सगळ्यांचे अंगठे पाहिले, एवढा एकच सोडून. कारण तो छत्रीवर शिक्का मारील हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"आबा, सही?" बाई म्हणाल्या. मी सही केली. मग मशीनपुढे उभा राहिलो. मी ज्योत्स्नाच्या नावापुढचं बटन दाबलं. कुंदन, माफ कर बाबा.

बाहेर लिंबाच्या पारापाशी निंबा कोणाची तरी वाट पाहत उभा होता. मी सरळ त्याच्यापुढे गेलो. चाळीस वर्षांनी त्याच्याशी बोललो ते असं, नमस्कार नाही की चमत्कार नाही.

"निंबा, तो चिकना अंगठा तुना व्हता?"

कुठला, असं त्यानं विचारलं नाही. "हा," म्हणाला. त्याची जीभ जरा जड झाली होती. "प्रचारना गडबडमा कोयता लागेल व्हता. मतदानना दिन ट्रक उभा व्हता. घड कापीसन तसाच ऊनू."

"मंग मोजनीले बोलना का नही?"

"काय सांगू तठे? उमेदवारनी सोताले मत दिधं नही, आसं? लोटन आप्पानी माले जिता सोडं नसतं."

खाली मान घालून उभा राहिलेला तो निंबा मला आठवला. आता बोललो नाही तर कधीच बोलणार नाही, हे मला कळत होतं.

"निंबा, मी तुले दिधं नव्हतं. मी मनाच छत्रीवर शिक्का मारा."

"माले माहीत शे."

"कव्हयपासून?"

"तू कोर्टमा गया तव्हयपासून. तू माले मत दिधं राहतं, ते एक मतसाठे कोर्टमा गयाच नसता."

मी जन्मात इतका शरमलो नव्हतो. चाळीस वर्षं या माणसाला माझं सगळं ठाऊक होतं, आणि गावात त्यानं अवाक्षर काढलं नव्हतं. मी चारचौघांत त्याची अब्रू काढत होतो, तेव्हा तो चार घरांवरून ऐकत होता.

"आज दिधं," मी म्हणालो. "ज्योत्स्नाले दिधं."

निंबाच्या तोंडाची चांगली बाजू हसली.

"आरे रुप्या, मी ते कुंदनले दिधं! घर सांगू नको, सून जेवाले देवाव नही."

"कुंदनले? कसाले?"

"दर खेपले तसंच करस. तुना पॅनलना जो राहस त्याले. आपलं ठरेल व्हतं ना."

त्याच्या काठीवर त्याचा हात होता, त्याच्यावर मी माझा ठेवला आणि त्याच काठीला धरून उभा राहिलो.