खिडकीचा पडदा

माझ्या प्रयोगशाळेच्या खिडकीला जाड काळा पडदा आहे, आणि बावीस वर्षं त्या पडद्याला मी कुणाला हात लावू दिला नाही. रक्तातलं अ जीवनसत्त्व उजेडात नासतं. म्हणून आत एक मिणमिणता पिवळा दिवा आणि मी. मुलगा लहान असताना त्याची शाळेची बस खालूनच जायची. तो हात हलवायचा आणि संध्याकाळी विचारायचा, "आई, पाहिलंस?"

"पाहिलं की!" धादांत खोटं. एके दिवशी त्या शहाण्यानं हात न हलवता जीभ काढून वेडावलं आणि संध्याकाळी विचारलं, "मी काय केलं सांग?" मी अशी तोंडघशी पडले! पुन्हा त्यानं कधी विचारलं नाही.

त्याचे बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. आता तोही दूरच्या नोकरीवर निघाला, कायमचा. रजा मिळेना, कारण ते जीवनसत्त्व मोजायचं यंत्र चालवणारी मी एकटीच. आदल्या दिवशी बॅग भरताना तो म्हणाला, "दहाला टॅक्सी तुझ्या खिडकीखालून जाईल. बघ, जमलं तर." ते 'जमलं तर' मला फार लागलं.

सकाळी बाळांच्या वॉर्डातली सिस्टर फॉइलमध्ये गुंडाळलेली नळी घेऊन आली. वेळेआधी जन्मलेलं, सव्वा किलोचं बाळ. "टाचेतून कसेबसे दोन थेंब निघालेत. आता टोचायला जागा नाही हो ताई, जपून."

"मी काय काल कामाला लागले?" मी फिसकारले.

नमुना तयार करून साध्या काचेच्या कुपीत घेतला, आता यंत्रात ठेवायचा, तेवढ्यात घड्याळाकडे लक्ष गेलं. दहाला दोन मिनिटं कमी. आणि याच पडद्यापायी तीन मदतनिसांना रडवणारी मी, सरळ उठले आणि तो बाजूला केला. ऊन थेट टेबलावर आलं. खाली ट्रक, सायकली, एक कुत्रं. टॅक्सी काही येईना. पाच-सात मिनिटं मी नाक काचेला लावून उभी होते. मग मागे वळले तर कुपी उन्हात! कप्पाळ माझं! पडदा खसकन ओढला.

यंत्राचं काय, घालाल ते मोजतं. आकडा आला, फारच कमी. तो पाठवला असता तर डॉक्टरांनी लगेच डोस सुरू केला असता, आणि गरज नसताना तो डोस एवढ्याशा जिवाला बाधला असता. आकडा खराही असेल, असं मी स्वतःला समजावून पाहिलं. कुणाला कळणार होतं? फोनवर हात ठेवून मी बराच वेळ बसून राहिले. मग लावला.

"सिस्टर, नमुना मी नासवला. आकडा धरू नका. पुन्हा रक्त लागेल."

"ताई, तुम्ही?"

"मीच."

"मग बाळाच्या आईला तुम्हीच येऊन सांगा."

गेले. सांगितलं. ती नुसती त्याचा पाय हातात धरून बसली. टोचल्यावर बाळ रडलं ते मांजराच्या पिलाएवढं. तिनं मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसरा आकडा चांगला आला. डोस लागणार नव्हता. मी खुर्चीत बसले तोच मोबाइल वाजला.

"आई, विमानात बसलो. टॅक्सी उशिरा आली, पण काच खाली करून हात केला हं तुला. पडदा बंद होता." तो हसला. "असू दे. मला माहीतच होतं."

"अरे, उघडला होता! चांगली पाच-सात मिनिटं उभी होते मी तिथे. खरंच रे, तुझी शपथ!"

तो रडव्या पोराला समजवावं तशा आवाजात म्हणाला, "हो गं आई. पाहिलंस की."