पोटातलं डोकं

"आई वं, पुन्हा आलं!" असं ओरडत काजल पोट धरून वर्गाबाहेर आली, तेव्हा सुलोचना शाळेच्या चुलीवर खिचडी ढवळत होती. काजलच्या मागून अख्खी चौथी धावली. दुखणं एकटीचं, पण तमाशा सगळ्यांना हवा होता.

"खिचडीवाल्या बाईच्या पोट्टीचं पुन्हा पोट दुखून राह्यलं!" कुणीतरी जाहीर केलं.

सुलोचना डाव तसाच टाकून लेकीकडे धावली. हिंगणीच्या अलीकडच्या त्या खेड्यात शाळेचा पोषण आहार तीच शिजवायची, आणि गावाने सरळ निष्कर्ष काढला होता: आई खिचडी शिजवते, लेकीचं पोट बिघडतं. बाकीची पोरं तीच खिचडी मागून मागून खात आणि मैदानभर धुडगूस घालत, हे कुणी लक्षातच घेत नव्हतं. काजलचं पोट सुटीत घरची भाकर खाऊनही दुखायचं, हे तर ऐकायलाच कोणी तयार नव्हतं.

दुखणंही मोठं चमत्कारिक. आलं की पोरगी पांढरीफटक पडायची, ओकायची, तिला उजेड नकोसा व्हायचा. आणि संध्याकाळी टुणकन उठून म्हणायची, "आई, पोहे कर ना." त्यामुळे अर्धं गाव म्हणे ढोंग, अर्धं म्हणे खिचडी.

शेजारच्या कौशल्याबाईंचा पक्ष तिसराच. त्यांच्या मते बेंबी सरकली होती. त्या काजलला आडवी पाडून पोटावर दिवा ठेवायच्या आणि वरून तांब्या पालथा घालायच्या. तांब्या घट्ट चिकटायचा, पण दुखणं काही हलायचं नाही. सुलोचनाचा नवरा प्रेमदास जाम गावाच्या चौकात ट्रकच्या टायरचे पंक्चर काढायचा. त्याने वर्ध्याला नेऊन रक्त, लघवी, सोनोग्राफी सगळं करवलं. रिपोर्ट दरवेळी नॉर्मल.

"ट्यूबमधी हवा टिकून नाई राह्यली, अन् डाक्टर म्हणते भोकच नाई!" तो वैतागायचा.

अखेर शाळा समितीचे अध्यक्ष रूपरावजी चुलीपाशी आले. "बाई, लोकं बोलून राह्यले. पोट्टीले बरं वाटेपर्यंत दुसरी बाई पाहू म्हणतो. शनिवारी मीटिंगीत ठरवू."

एकदा दुसरी बाई आली की ती जाणार नाही, हे सुलोचनाला पक्कं ठाऊक होतं. पण तिला नोकरीपेक्षा जास्त लागलं ते वेगळंच. आता काजलही तिच्याकडे चोरट्यासारखी बघायला लागली होती. आपलं पोट दुखतं म्हणून आईचं काम जाणार, असं त्या एवढ्याशा जिवाने मनाला लावून घेतलं होतं.

शनिवारच्या आत नवराबायको तिला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी आईबापांना गप्प बसवलं आणि आधी काजललाच सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "अर्धशिशी माहीत आहे ना? तसलाच प्रकार, फक्त डोक्याऐवजी पोटात. खाण्याचा दोष नाही आणि ढोंग तर मुळीच नाही. दुखेल तेव्हा अंधारात झोपू द्या. वयाबरोबर बहुतेकांचं जातं."

"खोटी नाई ना जी माही पोरगी?" एवढं विचारून सुलोचना तिथेच रडायला लागली.

प्रेमदासने परतीच्या बसमध्येच आजाराचं बारसं केलं: "पोटात डोकं दुखते हिचं!" ते कौशल्याबाईंच्या कानावर गेलं. डोकं म्हटल्यावर त्यांनी बामची डबी काढली, काजलच्या पोटाला बाम चोळला आणि वरून दुपट्टा करकचून बांधला.

"आजी, आग होते वं!" काजल घरभर नाचत सुटली.

शनिवारी मीटिंगीत सुलोचनाने जसं ऐकलं तसं सांगितलं. ऐकून सगळी मंडळी हसली. रूपरावजींना तर चेवच चढला. "म्हणजे थंडीत टोपरं पोटाले बांधाव काय हिनं?"

"हासा, रूपरावजी," सुलोचना म्हणाली, "पण माह्या खिचडीनं नाई दुखत, अन् पोरगी खोटी नाई."

"मलेबी दुखे तसंच."

मागून आवाज आला. बोलल्या त्या रूपरावजींच्या बायको, शकुबाई. नातवाला न्यायला आल्या होत्या.

"आंग पांढरं पडे, उजेड सोसे नाई. माय म्हणे, शाळेत जाचं जिवावर येते म्हणून सोंग करते. चौथीतूनच काढलं मले अन् वावरात निंदाले धाडलं. दुखणं पुढं गेलं आपसूक."

रूपरावजी बायकोकडे वळले. "मले नाई सांगतलं कधी?"

"सांगतलं असतं, तं तुमीबी आतासारखेच हासले असते."

यावर कुणाला हसू आलं नाही. रूपरावजींनी घसा खाकरला, सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं आणि खिचडी हिच्याच हातची चालू द्या म्हणाले. दुसऱ्या बाईचं नाव कुणीच काढलं नाही.

बाहेर पोरांच्या ओळी बसत होत्या. रचलेल्या ताटल्यांमधली एक शकुबाईंनी उचलली, गुडघ्यावर हात टेकत चौथीच्या ओळीत काजलशेजारी बसल्या आणि वाढायला आलेल्या सुलोचनापुढे ताटली धरली.

"वाढ वं माय."