पहिली कळशी

महांतप्पा पत्रेवाल्याला कधी पोलिसाची भीती वाटली नव्हती, कारण भ्यावं असं त्यानं उभ्या जन्मात काही केलंच नव्हतं. आता केलं होतं. एक सही केली होती.

त्याचं झालं असं. बहात्तरचा दुष्काळ पडला, बायाबापड्या कोसभरावरून पाणी आणू लागल्या. गोल कळशी कमरेवरून घसरते, म्हणून कळंबच्या या गड्यानं एक बाजू आत दाबलेली, कमरेला चपखल बसणारी कळशी घडवली. काठही असा आत वळवला की पाणी हिंदकळू नये. कारागिरांच्या सोसायटीनं ती उचलून धरली. चेअरमन वीरप्पा हुशार. तो म्हणाला, उद्या सोलापूरचा एखादा कारखानदार हाच घाट मशीनवर काढील आणि आपली बारा घरं बसतील माशा मारत. म्हणून संक्रांतीला घाटाची नोंदणी मागणारा अर्ज कलकत्त्याच्या सरकारी कचेरीत गेला. वकिलानं बजावलं होतं, अर्जाआधी हा घाट लोकांत वापरात आलेला नसावा, नाहीतर नोंद रद्द. मग तो कुणीही काढावा.

"न्हाय आला," म्हणत महांतप्पानं सही ठोकली.

तेव्हा त्याला खरंच आठवलं नव्हतं. नव्या घाटाचं पहिलं भांडं विकायचं नाही, लेकीला द्यायचं, ही त्याच्या घरची रीत. बायकोनं दिवाळीलाच ते लेकीबरोबर, गिरिजाबरोबर, तिच्या सासरी ईटला धाडलं होतं. रीतच ती, श्वास घेतल्यासारखी. ती कुणी वकिलाला सांगत बसतं का?

चैत्रात नोंद झाल्याचं कळलं, सोसायटीत पेढे वाटले. पाठोपाठ बातमी आली, की एका कारखान्याचा माणूस गावोगाव बायांना विचारत फिरतोय, ही कळशी आधी कुठं पाहिली? महांतप्पाला लेकीकडची कळशी आठवली. त्यानं ईटला जाणारी सकाळची एसटी धरली.

शेजारी सफारीतला एक माणूस येऊन बसला. "पाव्हणं, कुठं निघालाव?"

"तुळजापूरला," महांतप्पा बोलून गेला. गाडी तिकडं जातच नव्हती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. ईटला दोघंही उतरले, तेव्हा सफारीवाला गालात हसला आणि महांतप्पानं पाठ फिरवून लेकीचं घर गाठलं.

गिरिजाला सहावा महिना लागला होता. बाप दारात बघून ती हरखली.

"ती कळशी दे आदी. दुसरी देतो."

"का वो, आप्पा?"

"इचारू नगं."

तिनं काढून दिली. मग जुनी गोल घागर उचलून विहिरीला निघाली, कारण घरात पाण्याचा थेंब नव्हता. महांतप्पानं कळशी टॉवेलात गुंडाळली आणि तो मागोमाग गेला. विहिरीजवळ सफारीवाला बायांशी बोलत उभा होता. महांतप्पा लिंबाआड दडला.

गिरिजा भरली घागर घेऊन पायऱ्या चढू लागली. पायऱ्या झिजून गुळगुळीत झालेल्या. घागर कमरेवरून घसरली. तिनं एका हातानं ती सावरली, दुसरा पोटावर धरला. एक पाय निसटला. ती बसली, पुन्हा उठली. महांतप्पा बघत राहिला. खरं सांगायचं तर तो बराच वेळ नुसता बघतच राहिला, आणि त्याला स्वतःची शरम वाटली.

मग तो धावला. चारचौघींच्या देखत टॉवेल सोडला, घागरीतलं पाणी कळशीत ओतलं आणि ती तिच्या कमरेवर बसवली.

"मामा," वरून सफारीवाल्यानं विचारलं, "ही कळशी कवापासनं हाय हिच्याकडं?"

गिरिजानं बापाच्या तोंडाकडं पाहिलं. तिला काहीतरी उमगलं होतं.  महांतप्पाच्या डोळ्यांपुढं बारा घरांची बारा दारं आली.

"दिवाळीपासनं," तो म्हणाला. "पहिलं भांडं लेकीचं असतंय आमच्यात."

सफारीवाला आणखी काही विचारत होता, ते त्याला ऐकू आलं नाही. "चढ बाई, हळू चढ," म्हणत त्यानं खालून कळशीला हात लावला. त्या कळशीतनं पाणी कधी हिंदकळत नसे. आज त्याचा हात इतका कापत होता की वरपर्यंतच्या पायऱ्या भिजल्या. संध्याकाळी वीरप्पासमोर उभं राहायचं होतं.