चढवलेला गंज

घड्याळमास्तरांनी उभ्या जन्मात दोनच शत्रू मानले, ओल आणि गंज. आणि नशीब बघा, सून अशी मिळाली की ती गच्चीत बसून मुद्दाम गंज चढवत होती.

सूनबाई औषधांच्या दुकानात काउंटरवर असायची. उरलेल्या वेळात तिला वेड कोलाजचं. यंदाचं चित्र स्टीमपंक धाटणीचं होतं, म्हणजे वाफेच्या जमान्यातली यंत्रं घेऊन कधीच न आलेलं भविष्य रचायचं. फळीवर तिने पुठ्ठ्याचं उडतं जहाज उभं केलं होतं. खाली चहाच्या पाण्यात बुडवून जुनाट केलेले नकाशे, आभाळात ओल्या गोंदावर रंग देऊन पाडलेल्या भेगा, जहाजाच्या अंगावर गरम गोंदाचे थेंब टाकून केलेले खोटे रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे खिळे. आता फक्त इंजिनखोली बाकी होती. तिच्यासाठी भंगारातून आणलेली लोखंडी चाकं, स्क्रू आणि स्प्रिंगा ती आठवडाभर व्हिनेगर आणि मीठ शिंपडून गंजवत होती. उद्या सकाळी चित्र प्रदर्शनाला पोचवायचं होतं. दरवर्षी नकार घेऊन यंदा कुठे तिची निवड झाली होती, आणि आता वेळ चुकली तर पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही, हे ती ओळखून होती.

दुपारी ती सुताराकडून चौकट आणायला गेली. परत येऊन बघते तर टेबलावर पांढऱ्या फडक्यावर सगळा माल ओळीने मांडलेला, लख्ख. शेजारी सासरेबुवा, डोळ्याला भिंग लावून, पहिला नंबर आलेल्या पोरासारखे खूश.

"फार वाईट अवस्था होती गं," मास्तर म्हणाले. "तेलसुद्धा दिलंय. आता काळजी नको."

सूनबाई मटकन खुर्चीत बसली. "बाबा, तो गंज मी चढवला होता!"

"मुद्दाम?"

"मुद्दाम! आठवडा गेला माझा त्यात. तुम्हाला कुणी सांगितलं होतं? दुकान बंद केलंत ना? मग आता तरी हात आवरा!"

बोलून गेली आणि तिने जीभ चावली. हातांना कंप सुटला म्हणूनच तर दुकान बंद झालं होतं. घरात तो विषय कुणी काढत नसे. मास्तरांना चहा अर्धा कपच द्यायचा, आणि का ते बोलायचं नाही, असा अलिखित नियम होता. तिला रडू फुटलं, थोडं चित्रासाठी आणि थोडं आपल्या तोंडासाठी.

मास्तरांनी भिंग काढून ठेवलं. "आजवर माझं काम बघून रडलेलं गिऱ्हाईक तूच," ते म्हणाले. "कसा चढवतात ते सांग."

व्हिनेगर-मिठात हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं तर गंज तासाभरात धरतो, हे तिला ठाऊक होतं. बाटली तिच्या औषधांच्या दुकानातून आणता येत होती. अडचण तेलाची होती. तेलकट लोखंडाला गंज शिवत नाही, आणि मास्तरांनी तेल देण्यात कधी हयगय केली नव्हती. मग दोघांनी मिळून एकेक चाक साबणाच्या पाण्यात घासलं. मीठ टाकताना मास्तर तोंड फिरवत होते.

"चांगल्या लोखंडाला विष घालायला लावतेस," ते कुरकुरले. पण एकही चाक त्यांनी सोडलं नाही.

संध्याकाळी फेस बसला आणि चाकं पुन्हा तांबूस झाली. सूनबाईने ती चिकटवली. मास्तर वाकून बघत होते.

"आता हा पसरत जाणार. दोन वर्षांत चाळण होईल."

"नाही बाबा. वर वॉर्निश लावते. मग गंज आहे तिथेच थांबतो."

मास्तरांनी दोन्ही हात पुढे केले. ते थरथरत होते.

"यांनाही लाव की थोडं."

सूनबाई हसायला गेली, पण हसू आलंच नाही.

"दुपारी थांबले होते," ते म्हणाले. "खरंच सांगतो. एक चाक घासून बघितलं, तर जरासुद्धा हलले नाहीत. मग दुसरं घेतलं. म्हणून तर सगळी घासून काढली गं. मला थांबवेना."

तिने ते हात आपल्या हातांत घट्ट धरले. "चुकलं माझं," ती म्हणाली. "फार लागेल असं बोलले." मग नाक पुसून तिने वॉर्निशचा डबा पुढे ओढला. "यापुढे आधी तुम्ही चाकं लख्ख करायची, मग मी गंजवेन. स्वच्छ लोखंडावर गंज छान बसतो, आज पाहिलंत ना."

मास्तरांनी विचार केला.

"भंगारवाला सकाळी किती वाजता दुकान उघडतो?"