जयसिंहरावांचं सुतक

दुपारी जेवणं झाली की विजयाबाई राजलक्ष्मी होत.

फोनवरच्या ग्रुपचं नाव ‘लष्कर १९४८’. ग्वाल्हेर संस्थान मध्य भारतात विलीन झालंय, फौज मोडतेय, आणि प्रत्येकाने त्या काळातलं एक माणूस होऊन लिहायचं. खरं नाव सांगायचं नाही. नियम एकच: ओळ अशी संपवा की समोरच्याला धरायला काही उरेल.

जयसिंहराव: आज वर्दी उतरवून दिली. खुंटी रिकामी दिसतेय.
राजलक्ष्मी: खुंटीकडे नको, माझ्याकडे बघा. जेवलात का?
जयसिंहराव: घास उतरत नाही.
राजलक्ष्मी: मी भरवते. मग उतरेल ना?

जयसिंहराव शेजारच्या खोलीत होते. म्हणजे शामला, विजयाबाईंची सून. सासूचा फोन चार्जिंगला लावताना तिने ग्रुप पाहिला आणि राजलक्ष्मीच्या नवऱ्याचं रिकामं पात्र स्वतःच्या फोनवरून मागून घेतलं. वर्दीचं, खुंटीचं तिला फौजेतल्या आजोबांकडून ठाऊक होतं. स्वतःचा नवरा भोपाळला, शनिवारी यायचा. या घरात आल्यापासून ‘जेवलीस का’ कुणी विचारलं नव्हतं. आता रोज विचारत होतं. त्यासाठी जयसिंहराव रोज उपाशी राहायचे.

(खेळाबाहेर. स्वयंपाकघर.)

"आई, ताट वाढलंय."

"मीठ डावीकडे वाढतात. तुम्हा फौजवाल्यांकडे काय, पंगत नि छावणी एकच."

"सॉरी."

"सॉरीने मीठ सरकत नाही."

(खेळात.)

जयसिंहराव: किला गेटपाशी बंदुका जमा करत होतो. एक भरलेली होती.
राजलक्ष्मी: मग?
राजलक्ष्मी: अहो?
राजलक्ष्मी: सांगा ना, मग काय झालं?

शामलाने लिहिलं: जयसिंहराव गेले.

धरायला काही ठेवलं नाही.

(खेळाबाहेर.)

न्हाणीत बादली वाजली. विजयाबाई डोक्यावरून न्हाऊन आल्या. संध्याकाळी देवापुढे दिवा लावला नाही.

"कोण गेलं, आई?"

"आमच्यातलं."

"मग मलापण सुतक? खाना बनवू की नको?"

"तुझा काय संबंध. तुझं तू जेव."

जेव. विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

शामलाने आपला फोन पुढे धरला. "जयसिंहराव मी आहे. रोज मलाच विचारत होता तुम्ही."

विजयाबाईंनी चष्मा लावला. वरपर्यंत वाचत गेल्या, परत खाली आल्या. ‘मी भरवते’वर बोट थांबलं. शामला वाट बघत उभी राहिली. सकाळपासून तिने खरंच काही खाल्लं नव्हतं.

मग विजयाबाई उठल्या. समईत तेल घातलं, वात पुढे ओढली, दिवा लावला.

"म्हणजे आपल्यातलं कुणी गेलेलं नाही," त्या म्हणाल्या, आणि स्वतःपुरतं ताट वाढून घेतलं. मीठ डावीकडे.