एकवीस दिवसांचा पोळपाट

चांद्याच्या दिवाणी कोर्टात मी बावीस वर्षं नादारीची कामं केली. नादारीचा अर्ज म्हणजे माणूस न्यायाधीशासमोर हात वर करून सांगतो, घेणेकऱ्यांना द्यायला माझ्याजवळ काही उरलं नाही. यातले निम्मे खरंच बुडालेले असतात. उरलेले निम्मे कोर्टात यायच्या आधी खिसे कुठं रिकामे करून आले, ते शोधून काढणं हा माझा धंदा. लाकडाचे, बांबूचे, तेंदूपानाचे ठेकेदार मी उलटेपालटे करून पाहिले आहेत.

मला एका जागी बसवत नाही. कोर्टात पुकारा होईपर्यंत मी व्हरांड्यात येरझारा घालतो. चार मिनिटांत जेवतो, तेही कागद वाचत. वच्छला, माझी बायको, म्हणायची, "तुमच्या ताटात माती वाढली तरी तुमाले समजाचं नाई." मी मनातल्या मनात हसत असे. हे मुद्दाम आधीच सांगून ठेवतो.

त्रेपन्न सालच्या फेब्रुवारीत गुणवंतराव ठेकेदारानं हात वर केले. बल्लारशाच्या स्टेशनामागं त्याच्या डेपोत सागाचे चारशे बारा गोल, म्हणजे ओंडके, पडलेले, आणि हा म्हणतो ते माझे नाहीतच, गेल्या दिवाळीतच मेहुण्याला विकले. विक्रीचा कागद होता. प्रत्येक गोलाच्या तोंडावर मेहुण्याचा शिक्का होता, त्रिकोणात 'डो'. लाकडाच्या धंद्यात ज्याचा हातोडा त्याचा माल. ठेकेदार आपल्या नावाचा शिक्का कोरलेला लोखंडी हातोडा गोलाच्या तोंडावर ठोकतो, शेजारी जंगल खातं आपला ठोकतं, मगच माल जंगलाबाहेर पडतो.

गुणवंतरावाचा हातोडा मला पाठ होता, वर्तुळात 'गु'. पण चारशे बारा गोलांवर एकही 'गु' नव्हता. सरकारी शिक्काही नव्हता, आणि सगळ्यांची तोंडं ताजी कापलेली होती. याचा अर्थ मला पहिल्याच दिवशी कळला. जुना शिक्का असलेली दोन बोटांची चकती करवतीनं उतरवून नव्या तोंडावर मेहुण्याचा हातोडा मारला होता. गुणवंतराव म्हणाला, तोंडं सडली होती म्हणून मेहुण्यानं दिवाळीत कापली. चकत्या कुठायत, तर जाळल्या. आता जळलेली चकती मी कोर्टात कुठून आणू?

डेपोला कोर्टाचं कुलूप होतं, म्हणजे माल पळणार नव्हता. घाई वेगळीच होती. रहमतबी नावाची विधवा बाई माझी पक्षकार होती. तिच्या बैलबंड्यांनी आलापल्लीच्या जंगलातून दोन हंगाम हा साग ओढून आणला आणि भाड्याचा छदाम मिळाला नाही. बैलांच्या दोन जोड्या तिनं आधीच विकल्या होत्या. तिसरी उरली होती, नवऱ्यानं वासरांपासून वाढवलेली. लाकूड गुणवंतरावाचं ठरलं तर तिचे पैसे मिळणार, जोडी वाचणार. मेहुण्याचं ठरलं तर सगळं संपलं.

दर गुरुवारी ती ओसरीच्या पायरीवर येऊन बसायची. एकच प्रश्न.

"वकीलसाब, अजून किती दिवस?"

"आठ दिवस," मी म्हणायचो, आणि चालतच राहायचो.

असे चार-पाच आठ दिवस गेले. मी तीनदा बल्लारशाला गेलो, आरागिरणीत चकरा मारल्या, मजुरांवर खेकसलो. चकत्या कापणारा हाफिज नावाचा सुतार होता म्हणे, पण तो काम शोधत सिरोंच्याकडं निघून गेला होता. उन्हाळ्याची सुटी तोंडावर आली. सुटी लागली की कोर्ट दीड महिना बंद.

एप्रिलच्या वीस तारखेला, सोमवार असून, रहमतबी सकाळीच आली. किती दिवस, असं तिनं विचारलंच नाही.

"जोडी देऊन टाकली काल बजारात," ती म्हणाली. "कडबा नोता. उभ्या जागी हाडं दिसून राह्यली होती त्याहीची."

माझं डोकं सणकन तापलं. "काऊन विकली? आठ दिवस थांबवलं नाई तुमच्यानं? इतका जीव तोडून राह्यलो मी इथी!"

ती उठली, पदर सारखा केला आणि गेली. मी दहा मिनिटं ओसरीत फेऱ्या मारत तिच्यावरच चिडत होतो.

त्याच रागात जेवायला बसलो. पहिली पोळी मोडायला गेलो तो ती हातातच राहिली. पोळीवर भाजलेलं एक काळपट वर्तुळ होतं. वर्तुळात उलटा 'गु'. शेजारी सरकारी शिक्का, त्यात उलटे इंग्रजी आकडे, त्रेपन्न.

"हे काय आहे?" मी ओरडलो.

वच्छला दचकली. "पोयी आहे. काय असन दुसरं?"

"पोळपाट दाखव!"

पोळपाट म्हणजे बिनपायांची सागाची चकती. वरच्या बाजूला गाभ्यापासून कडेपर्यंत चीर गेलेली. "चिरीत कणीक अडकते म्हणून पालटून घेतला," ती म्हणाली. "चार दिवसांपासून असीच पोयी वाढून राह्यली मी तुमाले. तुमी पाहाल तवा ना!"

पोळपाट मीच आणला होता. चैत्रात, महाकालीच्या जत्रेत. ऊन मी म्हणत होतं, गर्दीत उभं राहवेना, म्हणून पहिल्या दुकानातला पहिला पोळपाट उचलून घरी आलो. विकणारा हाफिजच असणार, सिरोंच्याकडं जायच्या आधीचा. गुणवंतरावानं त्याला चकत्या जाळायला सांगितल्या, पण तो सुतार माणूस. जुना साग चुलीत घालायला त्याचा हात धजला नाही. एक बाजू रंध्यानं घासली, दुसरीकडं पाहिलं नाही, आणि पोळपाट म्हणून विकून टाकल्या.

सरकारी हातोडा दर जानेवारीत नवा निघतो. त्रेपन्नच्या हातोड्याशेजारी 'गु' होता, म्हणजे जानेवारीतही माल गुणवंतरावाचाच. दिवाळीचा कागद खोटा. मी पोळपाट छातीशी धरून स्वयंपाकघरात अक्षरशः नाचलो.

मग डोक्यात प्रकाश पडला. पोळपाट कुठून आला हे शपथेवर कोण सांगणार? मी. आणि साक्षीदार झालो की त्या कामात मी वकील राहू शकत नाही. "तू सांग ना, तूच घेतला म्हणून," मी वच्छलेला म्हणालो.

"तुमी घेतला. मी कायले खोटं बोलू?"

मग वकालतनामा दुसऱ्याला देणं आलं. नादारी कळणारा चांद्यात दुसरा एकच, सोमाजी वकील. हा गृहस्थ बोलायला उठला की आधी चष्मा पुसणार, मग कागद लावणार, मग पाणी पिणार. बाररूममध्ये मी त्याला तोंडावर बैलबंडी म्हटलं होतं, आणि तेव्हापासून दोन वर्षं आमचं बोलणं बंद होतं. मी गेलो. पोळपाट त्याच्यापुढं ठेवला. त्यानं चष्मा पुसला.

"हे कोन्या गोलाचं तोंड आहे, भाऊ?" त्यानं विचारलं.

"ते काय करायचं? शिक्का आहे ना!"

"ते म्हनतीन, दुसऱ्या कोन्या लाकडाचं आहे."

नादाराचा माल कोर्टातर्फे ताब्यात घेणाऱ्या रिसीव्हरला बरोबर घेऊन तो बल्लारशाला गेला. भर एप्रिलच्या उन्हात, एकेका गोलाच्या तोंडाला पोळपाट लावून पाहत. तीन दिवस! मी असतो तर दहाव्या गोलापाशी पोळपाट भिरकावला असता. तिसऱ्या दिवशी दोनशे सदुसष्ट नंबरच्या गोलाशी लाकडातली वाढीची वर्तुळं जुळली, आणि गाभ्यालगतचं किडीचं भोक भोकासमोर आलं. लांबी जंगलाच्या परवान्यापेक्षा बरोबर दोन बोटं कमी.

सुटीच्या आदल्या दिवशी सुनावणी झाली. मी पिंजऱ्यात उभा होतो, तिथं येरझारा घालता येत नाहीत. पोळपाट टेबलावर होता, त्याला लाल लाखेची मोहर. मागच्या बाकावर रहमतबी. सोमाजीनं सावकाश, एकेक विचारलं आणि मी सांगितलं. न्यायाधीशांनी पोळपाट दोनदा उलटून पाहिला, तेव्हा गुणवंतरावाचा चेहरा उतरला. आम्ही जिंकलो होतो, हे मला तिथंच कळलं.

मग गुणवंतरावाचा नागपूरहून आणलेला वकील उलटतपासणीला उठला.

"ही वस्तू तुमच्या घरी कधी आली?"

"तीस मार्चला."

"आणि शिक्का तुम्ही कधी पाहिला?"

"वीस एप्रिलला."

"म्हणजे एकवीस दिवस. नादारीच्या कामातले इतके जाणते वकील आपण, रोज दोन वेळा यावरची पोळी खात होता, आणि एकवीस दिवस हे दिसलं नाही? की तेव्हा शिक्का नव्हताच?"

"होता," मी म्हणालो. "मी उलटून पाहिलं नाही."

कोर्टात लोक हसले. मीही हसणार होतो, पण नजर मागच्या बाकाकडं गेली. रहमतबी हसत नव्हती. ती बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत होती.

निकाल त्याच संध्याकाळी लागला. विक्री खोटी, माल रिसीव्हरचा, घेणेकऱ्यांना वाटा मिळणार. सोमाजीभोवती गर्दी झाली. मी व्हरांड्यात आलो तर रहमतबी खांबाशी उभी. मी घाईनं बोलायला लागलो, की पैसे मिळतील, नवी जोडी घेता येईल, मी स्वतः बाजारात येतो तुमच्यासोबत.

तिनं मला बोलू दिलं. मग शांतपणे म्हणाली, "जोडी विसाव्या दिवशी गेली, वकीलसाब."

मला खाली पाहावं लागलं.

"आन् तुमी मले म्हनत होते, आठ दिवस थांबवलं नाई काऊन."

ती पायऱ्या उतरून गेली. मी तिथंच उभा राहिलो, शिपाई कुलूप लावायला येईपर्यंत.